किरकोळ, अर्धा तास

लग्न होऊन लालबागच्या चाळीत आले तेव्हा मुंबईने मला पुष्कळ काही दिलं. विजेचा दिवा दिला, ट्रामची घंटा दिली, दाराशी येणारा भाजीवाला दिला. काढून घेतली ती एकच गोष्ट, गरम पाण्याची आंघोळ. माहेरी कोकणात मागच्या दारी चुलीवर पाण्याचा हंडा सकाळपासून धुमसत असायचा. लाकूडफाटा रानातला आणि पाणी विहिरीचं, त्यामुळे कोण किती ओतून घेतं याकडे कुणाचं लक्ष नसे. मी तर इतका वेळ न्हायची की आई बाहेरून विचारायची, आत आहेस की वाहून गेलीस.

चाळीतल्या आमच्या खोलीत माणसं सात, शेगडी एक आणि पाण्याचं तपेलंही एकच. कोळसा मोजून वापरायचा. सकाळी तपेलं तापलं की सासूबाई पितळी तांब्या घेऊन मोरीशी उभ्या राहायच्या आणि प्रत्येकाच्या बादलीत कढत पाणी मोजून घालायच्या. सहा तांबे सासऱ्यांना, पाच माझ्या नवऱ्याला, चार चार दोघा दिरांना, दोन नणंदेला. सासरे गिरणीतून निवृत्त झाले होते, पण त्यांचं पहिलं पाणी काही निवृत्त झालं नव्हतं. पहाटेचा भोंगा झाला की पंचा खांद्यावर टाकून ते असे तयार होत, जणू गिरणीतले साचे त्यांच्यासाठीच थांबलेत. मग आंघोळ उरकायची आणि दिवसभर गॅलरीत बाकड्यावर बसायचं. माझी पाळी येईपर्यंत शेगडीवर भाकरीचा तवा चढलेला असे आणि तपेल्याच्या बुडाशी एखादा तांब्या कोमट पाणी उरलेलं असे. तेवढं माझं. बाकी बादली नळाची.

मी कधी तक्रार केली नाही. मनातल्या मनात मात्र सासूबाईंशी रोज सकाळी भांडत होते, आणि रोज जिंकत होते. अशी चार वर्षं गेली.

ती वर्षं संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची. आमच्या चाळीच्या बायका मोर्चाला जायच्या, मीही जायची. एकदा फाउंटनपर्यंत चालत जाऊन आलो आणि दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत सगळ्या भिंतीला पाठ लावून, पाय लांब करून बसलो. शेजारच्या खोलीतली वहिनी म्हणजे आमच्या मजल्याचं बोलतं वर्तमानपत्र. ती आपल्या तळव्यांकडे बघत म्हणाली की राज्यासाठी पुष्कळ चाललो, आता एकदा या पायांसाठी कुठंतरी जाऊ या. वज्रेश्वरीच्या पुढे अकलोलीला गरम पाण्याची कुंडं आहेत, जमिनीतून आपोआप कढत पाणी येतं, कितीही वेळ बसा, कुणी उठवत नाही.

कितीही वेळ बसा. बाकीचं बोलणं मला ऐकू आलंच नाही.

पुरुषांशिवाय अकरा बायका सहलीला जाणार ही गोष्ट खालच्या पानवाल्यापर्यंत पोचायला एक संध्याकाळ पुरली. पुरुषांनी विरोध केला नाही. मोर्चाला पाठवून बसल्यावर सहलीला अडवायचं कोणत्या तोंडाने, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी हसून घेतलं. नवरा म्हणाला, ठाण्याहून परत याल. सासऱ्यांनी आपलं चेनचं घड्याळ काढलं, त्याला किल्ली दिली आणि सांगितलं की आम्ही रविवारी आठ वाजता पानं मांडून बसणार. "एसटी चुकली तर चालत या. मोर्चाची सवय आहेच तुम्हाला."

सासूबाई पुढारी असतील असं सगळ्यांनी धरलं होतं, पण त्यांनी माझ्याकडे बोट केलं. कारण एवढंच की मी सातवी झाले होते आणि मला एसटीवरची पाटी वाचता येत होती. मोठं पद मिळालं की माणूस पहिल्यांदा कागद शोधतो. मी एका सभेचं जुनं हस्तपत्रक घेतलं आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर वेळापत्रक लिहिलं. ठाणे इतक्या वाजता, वज्रेश्वरी इतक्या वाजता. देवीचं दर्शन, अर्धा तास. वाटेवरची भाजीची वाडी बघणे, पाऊण तास. जेवण. कुंडस्नान, दीड तास. परतीची एसटी, चार वाजता. आणि या सगळ्याच्या मध्ये, कुंडस्नानाच्या खाली, बारीक अक्षरात एक ओळ: किरकोळ, अर्धा तास.

ती किरकोळ म्हणजे मी. सून शेवटी आंघोळ करणार हे ठरलेलंच होतं. म्हणून मी माझा वेळ आधीच बाजूला काढून ठेवला होता, आणि कुणाला कळू नये म्हणून त्याला नाव दिलं नव्हतं.

माघातला रविवार होता. ठाण्यापर्यंत गाडीने आणि पुढे भिवंडीवरून एसटीने आम्ही वज्रेश्वरीला अगदी वेळेवर पोचलो. दर्शन सव्वीस मिनिटांत झालं. वाचलेल्या चार मिनिटांचा मला इतका अभिमान वाटला की मी तो दोघीतिघींना बोलूनही दाखवला. सुक्या जवळ्याची चटणी देवळापासून लांब गेल्याशिवाय उघडायची नाही असा सासूबाईंचा हुकूम होता. त्यामुळे बोचकी तशीच डोक्यावर घेऊन आम्ही अकलोलीच्या रस्त्याने वाडी बघायला निघालो.

वाडी रस्त्याला लागूनच होती. कुंडावर येणारी माणसं जाता जाता तिथं रहाट बघायला थांबत, मुलांना म्हशीचं पारडू दाखवत, ताजी भाजी घेत. बैल गोल फिरत होता, रहाटाचे पोहरे भरून वर येत होते आणि पाटातून पाणी वांग्यांच्या वाफ्यात जात होतं. मालक म्हातारा होता, बोलका होता, पण त्या दिवशी बांधावर डोकं धरून बसला होता. वहिनीने पाच मिनिटांत सगळी हकीकत काढून घेतली. शेंगा खुडणाऱ्या बायका लग्नाला गेलेल्या, मुंबईला माल नेणारा ट्रक दुपारनंतर येणार, आणि वालाच्या शेंगांनी लगडलेलं सबंध शेत तसंच उभं.

मी वेळापत्रक काढून म्हटलं की आता पारडू बघू या.

पारडू कुणी बघितलं नाही. अकराच्या अकरा बायका वालाकडे बघत होत्या. आमच्यातली एकही मुंबईत जन्मलेली नव्हती. कुणी मालवणकडची, कुणी रत्नागिरीची, एक साताऱ्याची. सगळ्यांचं लहानपण शेतात वाकून गेलेलं. वर्षानुवर्षं खिडकीतल्या तुळशीपलीकडे हिरवं काही न बघितलेल्या बायकांपुढे कुणीतरी पिकलेलं शेत ठेवलं होतं, आणि ते खुडायला माणूस नव्हतं. सासूबाईंनी बोचकं खाली ठेवलं आणि पदर खोचला. गिरणीच्या वाइंडिंग खात्यात वीस वर्षं बॉबिनी भरलेली त्यांची बोटं त्या वेलांत शिरली आणि शेंगा पदरात पडू लागल्या. मग वहिनी शिरली. मग साताऱ्याची. बघता बघता सहल सरळ ओळीत कामाला लागली.

मी बांधावर कागद घेऊन उभी. आधी पाऊण तास संपला. मग जेवणाचा वेळ गेला. मी मोठ्याने वेळ सांगत होते, म्हणजे आमच्यातल्या एकीच्या मनगटावर असलेल्या घड्याळात बघून सांगत होते, आणि ती वाकलेली असल्यामुळे मला तिच्यामागून ओळीओळीने फिरावं लागत होतं. शेवटी सासूबाई मान वर न करता म्हणाल्या की उभी राहून वेळ मोजतेस त्यापेक्षा एक ओळ धर, लवकर आटपेल. मला राग आला. रागारागाने मी एक ओळ धरली, आणि खरं सांगायचं तर पुढचा तासभर मला कुंडाची आठवणही झाली नाही. हातांना सगळं येत होतं. पिकलेली शेंग कोणती आणि कोवळी कोणती हे मी विसरले असेन असं मला वाटलं होतं, पण बोटं विसरली नव्हती.

शेत संपलं तेव्हा म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मजुरी द्यायला तो कनवटीला हात घालू लागला, तशा सासूबाई दोन पावलं मागे सरल्या.

"कामाक इलंव नाय, बाबा," त्या म्हणाल्या. "आमी सहलीक इलंव."

कुंडावर पोचलो तेव्हा तीन वाजायला आले होते. दगडी बांधणीची कुंडं, थंडीमुळे पाण्यावरून वर उठणारी वाफ, आणि हवेत काडेपेटीचा गूल ओला झाल्यासारखा वास. मी तर आमचीच काडेपेटी भिजली म्हणून बोचकं उघडून बघितलं. बायकांचं कुंड आडभिंतीच्या आत होतं. सासूबाई कठड्याशी वाकून बराच वेळ खाली बघत राहिल्या. मला वाटलं खोली बघताहेत. त्या जाळ घालायचं तोंड शोधत होत्या. मग उभ्या राहून विचारत्या झाल्या, एवढं पाणी तापवायला कोळसा किती लागत असेल. तिथल्या एका बाईने सांगितलं की कोळसा नाही, काही नाही, रात्रंदिवस असंच येतं. सासूबाईंनी तिच्याकडे असं बघितलं की ती बाई बिचारी शपथ घ्यायला निघाली.

रिवाजाप्रमाणे सुनेने बोचकी राखायची. आमच्यात नवी सून मीच, म्हणजे चार वर्षं नवी. मी बोचक्यांवर बसले आणि आत काय चाललंय ते बघत राहिले. जे दिसलं ते बघून मी कपाळाला हात लावला. दहा बायका त्या तुडुंब कुंडाच्या काठावर रांगेत उकिडव्या बसल्या होत्या आणि आपापल्या तांब्याने पाणी घेऊन आंघोळ करत होत्या. तेही मोजून. तीन तांबे झाले की थांबत होत्या, शेजारणीकडे बघत होत्या आणि संकोचाने चौथा घेत होत्या. शेवटी मघाची ती बाई हसून लोटपोट झाली आणि म्हणाली, बायांनो, आत उतरा की.

मग उतरल्या. ज्या उतरल्या त्या काही वर येईनात. वहिनी गळ्यापर्यंत बुडाली आणि आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसली. सासूबाई पायरीवर बसून हळूहळू आत सरकल्या, पाणी खांद्यापर्यंत आलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले. मी त्यांना मोकळ्या केसांनी कधी बघितलंच नव्हतं. मी बाहेरून वेळ सांगायचं बंद केलं. मला वाटलं, आता माझा अर्धा तास गेलाच आहे, तर निदान यांचा तरी पुरा होऊ दे. हे मी मोठ्या मनाने ठरवलं असं लिहायला मला आवडेल. खरं म्हणजे मी रडकुंडीला आले होते आणि तोंड उघडलं असतं तर आवाज फुटला असता.

चारला दहा मिनिटं असताना त्या सगळ्या बाहेर आल्या, लाल लाल आणि वाफाळलेल्या. वहिनी म्हणाली, जा गं, निदान पाय बुडवून ये. मी धावत गेले. नेसत्या लुगड्यानिशी पायऱ्या उतरले आणि पाणी कमरेपर्यंत आलं तेव्हा मला कळलं की चार वर्षांत माझ्या अंगातली थंडी गेलीच नव्हती. ती कुठेतरी पाठीच्या कण्यात बसून होती. आता ती निघायला लागली. मी खांदे बुडवले. तेवढ्यात रस्त्यावर एसटीचा हॉर्न वाजला.

मी उठले. दोन पायऱ्या वर आले, लुगड्यातून पाणी गळत होतं. वर आडभिंतीच्या दारात सासूबाई उभ्या होत्या, सगळी अकराही बोचकी पायाशी घेऊन.

"खंय चाललंस?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, एसटी आली.

"एसटी जावंदे. ती काय माका विचारून इली नाय." मग त्या एका बोचक्यावर बसल्या. "चार वर्सां तुझां पाणी मोजलंय. तू येवच्या आधी शेवटची मी होतंय, माझां तर कोणी मोजूकच नाय. बस खाली."

मी बसले. उभं राहण्यासारखं काही उरलंच नव्हतं. रोज सकाळी ज्या बाईशी मी मनात भांडून जिंकत होते, ती स्वतःच्या बादलीत किती तांबे घालते हे मी चार वर्षांत एकदाही बघितलं नव्हतं.

बाहेर कुणीतरी आठवण करून दिली की घरी आठ वाजता पानं मांडली जाणार आहेत. साताऱ्याची म्हणाली की निम्म्या जणींनी तरी पुढे जावं, म्हणजे पुरुषांना बोलायला जागा नको. तेव्हा वहिनी रस्त्याच्या कडेला फतकल मारून बसली आणि जवळ्याच्या चटणीचा डबा उघडला.

"जिचं पाणी राहिलंय तिला टाकून जायचं," ती म्हणाली, "तर मग मोर्चात तरी कशाला गेलो होतो?"

एसटी गेली. मी ती जाताना ऐकली, गळ्यापर्यंत पाण्यात बसून. माझा अर्धा तास मी पुरा घेतला. पुढारी म्हणून सांगते, पाच मिनिटं जास्तच घेतला. बाहेर आले तेव्हा अशी लाल झाले होते आणि अशी डुलत होते की दोघींनी धरून मला दगडावर बसवलं, भाकरीचा तुकडा तोंडात घातला आणि कोरडं लुगडं नेसवलं. माझ्या नेतृत्वाचा तो सर्वोच्च क्षण.

मग आम्ही चालायला लागलो. फर्लांगभर गेलो असू, तोच मागून ट्रक आला आणि जवळ येऊन थांबला. ड्रायव्हरशेजारी वाडीवाला म्हातारा बसला होता. माल भायखळ्याच्या बाजारात चालला होता. तुम्ही कुठल्या, त्याने विचारलं. लालबागच्या, म्हटल्यावर तो हसला. भायखळ्याचा रस्ता लालबागवरूनच जातो. आम्हीच खुडलेल्या वालाच्या पोत्यांवर आम्ही अकराजणी चढून बसलो. ना बदलायची एसटी, ना ठाण्याला थांबायचं. ते दारूबंदीचे दिवस होते, त्यामुळे नाक्यावर पोलिसाने गाडी अडवून विचारलं की आत काय आहे. ड्रायव्हर म्हणाला, वाल, वांगी आणि बायका. पोलिसाने मागे येऊन कंदील वर केला, सासूबाईंशी त्याची नजरानजर झाली आणि त्याने गाडी सोडली.

शीव मागे पडलं, दादर गेलं, परळ आलं. पोयबावडीशी वहिनीला राहवेना. तिने पहिली घोषणा दिली. मग सगळ्यांनी दिली. संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे. मोर्चात आम्ही ती पुष्कळदा दिली होती, पण पायांनी चालत. उंचावर बसून द्यायची गंमत वेगळीच. दुकानांतून माणसं बाहेर आली, दोन्ही बाजूंच्या गॅलऱ्यांतून लोक वाकले आणि काही न विचारता उलट घोषणा देऊ लागले. वाल चाललाय की मोर्चा, हे कुणी बघत बसलं नाही.

आमच्या चाळीसमोर सगळे पुरुष ओळीने उभे होते. सासरे मध्ये, हातात घड्याळ. ते रस्त्याकडे बघत होते, पण खालच्या बाजूला, म्हणजे स्टेशनाकडून आम्ही चालत येऊ त्या बाजूला. ट्रक त्यांच्या पाठीमागे थांबला. सासूबाई सगळ्यांत आधी उतरल्या, नवऱ्यासमोर गेल्या आणि त्यांच्या हातातलं घड्याळ आपल्याकडे वळवून बघितलं. आठला दहा कमी होते.

"पानां मांडलास?" त्यांनी विचारलं.

पानं मांडलेली नव्हती. म्हणजे रात्रीचा भातही झालेला नव्हता. आम्ही येणारच नाही अशी त्यांची खात्री होती, त्यामुळे इराण्याकडून पाव आणायचं ठरलं होतं. नवऱ्याने पाव आणला. म्हाताऱ्याने जाता जाता एक पोतं आमच्यासाठी खाली टाकलं होतं, त्यातल्या शेंगा दुसऱ्या मजल्यावर आठवडाभर शिजत होत्या.

दुसऱ्या दिवशी सोमवार. नवरा आणि दीर त्या आठवड्यात पहिल्या पाळीला जाणारे, त्यामुळे सासऱ्यांच्याही आधी त्यांचं पाणी झालं आणि ते गेले. भोंगा होऊन गेला. सासरे पंचा खांद्यावर टाकून मोरीशी आले. तपेलं तापलं होतं, पण मोरीच्या कठड्यावर पितळी तांब्या नव्हता. मी भाकरीचं पीठ काढायला वाकले होते, तर सासूबाईंनी परात माझ्या हातातून घेतली आणि तांब्या दिला.

"तू जा आधी," त्या म्हणाल्या. मग नवऱ्याकडे वळून शांतपणे सांगितलं, "तुमचो भोंगो बंद झालो. भायर बसा जरा."

आमची मोरी खोलीतच, एका पडद्याच्या आडोशाला. बाईमाणूस आंघोळीला गेलं की पुरुषांनी गॅलरीत जायचं हा नियम. सासरे गेले. दार लोटून घेतल्याचा आवाज आला, बाकडं करकरलं. मी बादलीत कढत पाणी घातलं. एक तांब्या, दोन, तीन. पडद्यापलीकडे भाकरी थापल्याचा आवाज येत होता आणि कुणीही मोजत नव्हतं. चौथा घातला, पाचवा घातला, आणि सासूबाईंसाठी राखून मग मी थांबले. पहिला तांब्या अंगावर घेतला, वाफ तोंडावर आली, आणि त्या दहा फुटी खोलीत मला अकलोलीचा वास आला.

बाहेर सासरे खाकरले. थोड्या वेळाने पुन्हा खाकरले.

मी आणखी एक तांब्या घेतला.